ख्रिस्तराजाचा सण आणि टिळकांचा दरबार

वऱ्हाडांत कापसाची वेचणी जोरांत असते अशा नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत अमरावती व अकोला येथील कॅथॉलिक देवळांतून एक रविवार ‘ख्रिस्तराजाचा सण’ म्हणून पाळला जातो. धर्मगुरु त्या दिवशीं शुभ्र वस्त्रें परिधान करितात, आणि येशूला विश्वाचा राजा म्हणून आळविलें जातें. हीं देवळें ज्या अमरावती धर्मप्रांतांत मोडतात तो १९५५ सालीं स्थापन झाला. अकोल्यांतील प्रॉटेस्टंट अलायन्स मिशनचें कार्य त्याहून पुष्कळ जुनें, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचें आहे; त्या परंपरेंत या सणाला एवढें मानाचें स्थान नाहीं. तथापि देवाच्या राज्याचें आगमन व्हावें, ही याचना दोन्ही ठिकाणच्या नित्य प्रार्थनेंत आहे. कारण ती प्रार्थना स्वतः येशूनेंच शिष्यांस शिकविली.

सण मात्र प्राचीन नव्हे. पोप अकरावे पायस यांनीं ११ डिसेंबर १९२५ रोजीं धर्मपत्र काढून तो सुरू केला. त्या काळची युरोपची स्थिति ध्यानांत घेतल्यावांचून त्याचें मर्म कळावयाचें नाहीं. पहिलें महायुद्ध होऊन गेलें होतें. रशिया, जर्मनी व ऑस्ट्रिया येथील सिंहासनें कोसळलीं होतीं. इटलींत १९२२ पासून मुसोलिनीचा अंमल बसला होता. जुने राजे गेले, पण मनुष्याच्या अंतःकरणावरहि हक्क सांगणारे नवे सत्ताधीश पुढें आले. या सर्वांच्या वर आणखी एक सत्ता आहे, हें स्मरण देण्यासाठीं हा सण योजिला गेला. आरंभीं तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं येई. १९७० पासून तो उपासना-वर्षाच्या अखेरच्या रविवारीं, म्हणजे २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान, पाळला जातो.

परंतु हा राजा कोणत्या प्रकारचा? रोमी शिपायांनीं थट्टेनें त्याच्या अंगावर राजवस्त्र पांघरलें, मस्तकावर कांट्यांचा मुकुट ठेविला, राजदंड म्हणून हातांत बोरू दिला आणि गुडघे टेकून मुजरा केला. पिलातानें वधस्तंभावर लावण्यासाठीं जी पाटी लिहविली, तींत यहूद्यांचा राजा ही पदवी तीन भाषांत होती. उपहासासाठीं दिलेलीं हीं चिन्हेंच पुढें ख्रिस्ती लोकांनीं खरीं राजचिन्हें मानिलीं. आपलें राज्य जगांतील राज्यांसारखें असतें तर आपले सेवक लढले असते, असें येशूनें पिलाताला सांगितलें होतें. तें एवढ्यावरून उमजतें.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. वारकऱ्यांचा विठोबा पंढरीचा राणा आहे. वऱ्हाडांत तर शेगांवचे गजानन महाराज आणि माधानचे गुलाबराव महाराज हे ‘महाराज’ झाले ते सैन्य वा खजिना यांच्या बळावर नव्हे. एक लंगोटीचा धनी, दुसरे बालपणापासून अंध. पण पदवी राजाची! खऱ्या संस्थानिकांपैकीं किती जणांचें नांव आतां खेड्यांतील माणसाला आठवतें, हा प्रश्न निराळा.

भाषेंतील हें धन रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं पुरतें ओळखलें. नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांना नवा करार दिला, आणि १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या सेवेंत कित्येक वर्षें घालविल्यावर १९१७ सालीं त्यांनीं ती सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. नांवाची निवड विचार करण्याजोगी आहे. ‘मिशन’ म्हटलें कीं पगार, बंगला आणि परदेशांतील वरिष्ठ डोळ्यांपुढें येत. दरबारांत राजा समक्ष बसलेला असतो, आणि गरीब रयतहि आपली अर्जी घेऊन त्याच्यापुढें उभी राहूं शकते.

या दरबारांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत, अशी टिळकांची योजना होती. येथेंच खरी अडचण होती. बाप्तिस्मा हेंच जर मंडळीचें द्वार, तर द्वाराबाहेर उभा राहून राजाला मानणारा मनुष्य प्रजाजन कीं परका? त्याला परका म्हणावें तर कुळाचार आणि आप्तस्वकीय सोडण्याचें बळ नसलेला भक्त अंतरतो. प्रजाजन म्हणावें तर ज्यांनीं तें सारें सोडून बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या त्यागाचें मोल काय? टिळकांनीं स्वतः तो त्याग केला होता. म्हणूनच त्यांच्या औदार्याला वजन आहे. परंतु त्यांना अवधि लाभला नाहीं. ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस निवर्तले आणि दरबार मूळ धरूं शकला नाहीं. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्यहि अपुरें राहिलें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें. त्यांचीं पदें मात्र ‘उपासना संगीत’ या संग्रहांतून मराठी मंडळ्यांत आजहि गाइलीं जातात.

ख्रिस्तराजाच्या सणाला वाचावयाचें शुभवर्तमान तीन वर्षांच्या क्रमानें बदलतें. एका वर्षीं पिलातापुढील चौकशी, एका वर्षीं वधस्तंभावरील चोराची विनवणी, आणि एका वर्षीं मत्तयानें वर्णिलेला अखेरचा न्याय. या शेवटच्या प्रसंगांत राजा सिंहासनावर बसून आपल्या उजवीकडच्या लोकांना सांगतो कीं, मी भुकेला असतां तुम्हीं मला जेवूं घातलें, परका असतां घरांत घेतलें. तीं माणसें चकित होऊन विचारतात, हें केव्हां घडलें? राजाला आपण कधीं पाहिल्याचें त्यांना आठवतच नाहीं.