मध कसा होतो आणि महाग का असतो

माशी फुलातून मध गोळा करते, असे आपण सर्रास म्हणतो. वस्तुतः फुलात मध नसतोच. फुलात असतो तो मकरंद, म्हणजे पातळ गोड रस. त्यात बहुधा निम्म्याहून अधिक पाणीच असते. त्या रसाचा मध करणे हा एक स्वतंत्र उद्योग आहे, आणि कामगार चळवळीत जन्म घालविलेल्या माणसाला त्यातील कामाची वाटणी पाहून नवल वाटल्यावाचून राहत नाही.

बाहेर फिरणारी कामकरी माशी मकरंद पोटातील एका निराळ्या पिशवीत भरून आणते आणि पोळ्यावर येताच घरातल्या तरुण माश्यांच्या स्वाधीन करते. या माश्या तो एकमेकींच्या तोंडात देतात, सोंडेवर पातळ पसरतात, पुन्हा आत ओढतात. दर खेपेस त्यांच्या ग्रंथींतील पाचक रस त्यात मिसळतो व मकरंदातील साखर फुटून द्राक्षशर्करा आणि फलशर्करा तयार होतात. मग तो रस मेणाच्या घरांत ठेवून माश्या पंखांनी वारा घालीत बसतात. पाणी सुमारे १८ ते २० टक्क्यांवर उतरले, की घरावर मेणाचे झाकण बसते. इतक्या दाट व किंचित आम्ल पदार्थात जंतूंचे काही चालत नाही, म्हणून मध वर्षानुवर्षे टिकतो. झाकण बसण्यापूर्वीच घाईने काढलेला मध मात्र आंबतो. ऐन हंगामात राबणारी कामकरी जेमतेम सहा आठवडे जगते. तिच्या सबंध आयुष्याची कमाई चहाच्या चमच्याचा तळही झाकीत नाही.

आपल्याकडे मधाला मान फार जुना. पंचामृतात तो हवा, विवाहात वराला मधुपर्क हवा, वैद्याची मात्रा चाटवायची तर अनुपान मधाचेच. पण एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. तान्ह्या मुलाला मध चाटविण्याची चाल आता सोडावी. मधात कधी कधी अशा जंतूंचे बीज असते, की जे मोठ्यांना बाधत नाही, परंतु वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात रुजून त्याचे स्नायू लुळे पाडते.

पूर्वी मोहोळ जाळून, पोळे पिळून मध काढीत. त्यात अंडी, पिल्ले सारेच चिरडले जाई. चौकटी काढता-घालता येतील अशी पेटी १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथने तयार केली आणि पोळे न मोडता मध काढण्याची सोय झाली. आपल्या महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माश्या अशाच पेट्यांत पाळतात. जांभळाचा मध गडद व किंचित तुरट. कारवी तर काही वर्षांच्या अंतराने एकदाच फुलते, म्हणून तिच्या मधाची वाट पाहावी लागते. त्याच तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले.

या कष्टावर घाला येतो तो साखरेच्या पाकाचा. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ छापांचे मध तपासले. त्यांतील १० छाप अद्ययावत कसोटीस उतरले नाहीत. कंपन्यांनी आरोप नाकारले. तांदळापासून केलेला पाक जुन्या तपासणीत सापडत नाही, ही त्यातली खरी मेख. कारखान्यात पाक टाक्यांनी तयार होतो. त्याच्या भावाशी पेट्या घेऊन रानात बसणारा मधपाळ स्पर्धा करणार तरी कशी? भाव पडला, की प्रथम मजुरी बुडते ती त्याची. माशीची तर कोणी मोजतच नाही!

घरच्या परीक्षांवरही भिस्त ठेवू नये. पाण्यात थेंब टाकणे, वात भिजवून पेटविणे, यांत चांगला पाकही उत्तीर्ण होतो. उलट बाटलीत मध गोठला, खाली रवा धरला, म्हणून तो खोटा ठरत नाही. द्राक्षशर्करा अधिक असलेला मध थंडीत गोठतोच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो.