डहाळी कोण वळवतं?

बोअर घ्यायचं ठरलं की आजही अनेक गावांत आधी पाणाड्याला बोलावणं जातं. दोन फाटे फुटलेली ओली डहाळी मुठींत ताणून धरून तो शेतभर फिरतो. एका जागी डहाळीचं टोक झटक्यानं वळतं आणि तिथं खूण होते. काही जण तळहातावर नारळ ठेवतात. तो उभा राहिला की खाली पाणी आहे असं मानतात.

बघणाऱ्यांत दोन तट पडतात. पाणीच डहाळीला ओढतं, असं काही म्हणतात. पाणाड्या मुद्दाम हात फिरवतो, असं बाकीचे. दोन्ही समज चुकीचे आहेत. डहाळी हातच वळवतो, पण हाताच्या मालकाला ते कळत नाही.

मनातल्या नुसत्या अपेक्षेनं स्नायू हलू शकतात, हे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी 1852 मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेनं ते पडताळलं. तेव्हा इंग्लंडमध्ये भोवती बसून हात टेकले की टेबल ‘आपोआप’ फिरतं, याचं वेड पसरलं होतं. फॅरेडेनं हात आणि टेबल यांच्यामध्ये मऊ लुकणानं सैलसर जोडलेले पुठ्ठ्याचे थर ठेवले. टेबल हातांना ओढत असतं, तर खालचा थर आधी सरकला असता. सरकला वरचा! मग हाताची हालचाल दाखवणारा काटा बसवला; तो डोळ्यांसमोर असेपर्यंत टेबल हललंच नाही. बसलेली माणसं प्रामाणिक होती, हे फॅरेडेनं आवर्जून नोंदवलं.

ताणून धरलेल्या डहाळीचा तोल इतका नाजूक असतो की मनगट जरासं वळलं तरी ती उसळते. म्हणून पाणाड्याला लबाड ठरवणं अन्यायाचं आहे.

पण त्याला पाणी कळतं का? 1990 मध्ये जर्मनीतल्या कासेलला सुमारे तीस पाणाड्यांची चाचणी झाली. जमिनीत पुरलेल्या नळातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच सांगायचं होतं. चाचणीच्या अटी त्यांनी आधी मान्य केल्या होत्या. उत्तरं नाणं उडवून मिळावीत तशीच निघाली.

‘आमच्याकडे तर पाणी लागलं!’ लागतंच. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात बेसॉल्ट आहे, आणि त्याच्या भेगांत, झिजलेल्या थरांत पाणी साठतं. चांगल्या पावसाच्या भागात अंदाजानं खोदूनही ते पुष्कळदा मिळतं. कोरडं गेलेलं बोअर मात्र कर्ज काढलेल्या शेतकऱ्याला बुडवतं, आणि त्याची गोष्ट गावात फारशी सांगितली जात नाही. भूजलतज्ज्ञ जमिनीत वीज सोडून खडकाचा विद्युतरोध मोजतात. ओलसर, झिजलेल्या खडकात तो कमी भरतो. त्यानंही हमखास पाणी लागेल असं नाही, पण ते आकडे दुसऱ्या तज्ज्ञाला तपासता येतात.