धनी बदलतो तेव्हा

संस्थानी शहरात वाढलेल्या माणसाला धनी बदलणे म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. २८ मे १९४८ रोजी होळकरांचे राज्य मध्यभारतात विलीन झाले, आणि ज्या दरबाराने एकेकाळी नाना पानसे यांचा पखवाज व पुढे बुंदू खाँसाहेबांची सारंगी पोसली, तो दरबार इतिहासजमा झाला. नव्या राजवटीने कुणाचा तंबोरा हिसकावून घेतला नाही. पण वेतन कोण देणार, ऐकणार कोण, आणि मुलांनी पुढे गाणे करायचे की कारकुनी, हे प्रश्न कलावंतांच्या घरोघरी उभे राहिले. एक गोष्ट मात्र त्या पडझडीतही त्यांच्या हाती उरली. गळा त्यांचा होता आणि साजही त्यांचाच होता.

आज याच इंदुरात कलावंतांचा एक वर्ग असा आहे की ज्याचा साज त्याचा स्वतःचा नाही. लग्नपत्रिका, मैफलींची भित्तिपत्रके, स्मरणिका, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे संगणकावर मांडणारी ही मंडळी आहेत. त्यांच्या हाती कुंचला नाही की शिशाचे खिळे नाहीत. आहे ते एक सॉफ्टवेअर. ते कुठल्या तरी कंपनीचे असते, आणि एके सकाळी बातमी येते की त्या कंपनीला तिच्याहून कितीतरी मोठ्या कंपनीने विकत घेतले. त्या दिवशी या लोकांच्या तोंडचे पाणी पळते. बाहेरच्या माणसाला याचे हसू येईल. दुकान विकले गेले तर गिऱ्हाइकाला त्याचे काय? दुसऱ्या दुकानातून माल घ्यावा! पण ही गोष्ट इतकी साधी नाही, आणि तिची झळ मराठी छपाईला फार पूर्वीच लागलेली आहे.

पेजमेकरचे दिवस

अमेरिकेतील सिॲटल शहरी १९८४ साली पॉल ब्रेनर्ड यांनी एक कंपनी काढली. व्हेनिसचा जुना नामांकित मुद्रक आल्डस मनुशियस याच्या नावावरून तिचे नाव ठेवले आल्डस. दुसऱ्याच वर्षी तिने पेजमेकर बाजारात आणले, आणि टेबलावर बसल्या बसल्या पुस्तकाचे पान जुळवण्याची कला जन्माला आली. आपल्याकडे तिला सगळे 'डीटीपी' म्हणू लागले. या पेजमेकरला देवनागरीचे अक्षर ठाऊक नव्हते. पण आपली माणसे हुशार. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, अशा प्रणालींनी युक्ती अशी केली की, रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे. काना एका घरात, वेलांटी दुसऱ्या घरात, अर्धा 'क' तिसऱ्या. पेजमेकरला वाटे आपण इंग्रजी छापतो आहोत, आणि कागदावर उमटे मराठी. या गोड फसवणुकीवर महाराष्ट्रातील आणि बृहन्महाराष्ट्रातील छपाईची एक अख्खी पिढी जगली.

१९९४ साली ॲडोबीने आल्डस विकत घेतली. पेजमेकर काही लगेच बंद पडले नाही. किंबहुना त्याच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. पण १९९९ मध्ये ॲडोबीचे इनडिझाइन आले, आणि घरात धाकटी राणी आल्यावर थोरलीचे जे होते तेच पेजमेकरचे झाले. २००१ ची सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती ठरली. न्यायाने बोलायचे तर पेजमेकर तोवर म्हातारे झालेच होते, आणि इनडिझाइन त्याच्याहून सरस होते यात शंका नाही. परंतु ते सरस होते इंग्रजीसाठी. युनिकोडच्या देवनागरीची जोडाक्षरे इनडिझाइनमध्ये अधिकृतपणे नीट जुळू लागली ती २०१२ च्या सीएस-सिक्स आवृत्तीपासून. मधल्या अकरा वर्षांत आमच्या मराठी छापखान्यांनी करायचे काय? त्यांनी केले तेच, जे गरीब घरात करतात. जुनाच संगणक, जुनीच विंडोज, जुनेच पेजमेकर जपून वापरत राहिले. यंत्र बिघडले तर दुरुस्त करायचे, पण बदलायचे नाही, कारण बदलले तर सगळेच बदलावे लागेल.

पेजमेकरला निदान वारस होता. फ्रीहँड नावाच्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरचे तर हालच झाले. तेही आल्डसच विकत असे. १९९४ च्या त्या व्यवहारात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हरकत घेतली, कारण ॲडोबीचे स्वतःचे इलस्ट्रेटर होते, आणि दोन्ही प्रतिस्पर्धी एका घरी गेले तर स्पर्धाच संपणार होती. तेव्हा फ्रीहँड त्याच्या मूळ कर्त्यांना, ऑल्टसिस कंपनीला, परत द्यावे लागले. तेथून ते मॅक्रोमीडियाकडे गेले. पण २००५ साली सुमारे ३.४ अब्ज डॉलर देऊन ॲडोबीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली, आणि जे दाराने बाहेर गेले होते ते खिडकीने आत आले. २००७ मध्ये जाहीर झाले की फ्रीहँडचे काम पुढे चालणार नाही. त्याचे चाहते २०११ मध्ये न्यायालयापर्यंत गेले. फ्रीहँड मात्र परत आले नाही.

धास्ती कशाची?

या लोकांना नेमके भय कशाचे वाटते, हे नीट पाहिले पाहिजे. पहिले भय पैशाचे. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की ते आपले. २०१३ मध्ये ॲडोबीने आपली मुख्य सॉफ्टवेअरे वर्गणीवर द्यायचे ठरवले, तेव्हापासून घर विकत घेण्याऐवजी भाड्याने राहण्याची पद्धत या धंद्यात रुळली. भाडे थकले की दार बंद. राजवाड्यामागच्या गल्लीत पत्रिका छापणाऱ्या लहान दुकानदाराला महिन्याच्या महिन्याला हा खर्च जड जातो, आणि मालक एकच उरला की भाडे किती वाढेल याला धरबंध राहत नाही.

दुसरे भय रियाझाचे. हे पैशाच्या भयाहून खोल आहे आणि बाहेरच्याला ते सहसा कळत नाही. पेटीवर वीस वर्षे बोटे फिरवलेल्या माणसाला पट्ट्या कुठे आहेत ते पाहावे लागत नाही. मांडणी करणाऱ्याचेही तसेच असते. कुठली कळ दाबली की अक्षर सरकते, कुठली दाबली की रंग भरतो, हे त्याच्या डोक्यात नसून बोटांत असते. नवा मालक येऊन म्हणतो, "हे वाद्य बंद, आता हे घ्या, हे अधिक चांगले आहे." असेलही. पण बोटांनी कमावलेली ती वीस वर्षे कुणी मोजून परत देत नाही. चाळिशी-पन्नाशीच्या कारागिराला पुन्हा 'सा'पासून सुरुवात करायला लावणे ही लहान गोष्ट नव्हे.

तिसरे भय सर्वांत मोठे, आणि ते मागल्या कामाचे. खिळ्यांच्या काळात निर्णयसागरचे खिळे एकदा मुद्रकाच्या खणात पडले, की फाउंड्री कुणीही विकत घेवो, ते खिळे उठून जात नसत. छापलेले पान तर कागदच. ते वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. पण संगणकात जपलेले पान हे कुलूपबंद पेटीसारखे आहे, आणि किल्ली असते सॉफ्टवेअरच्या मालकाकडे. पेजमेकरमध्ये मांडलेली, श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात टाइप केलेली शेकडो मराठी पुस्तके आज अशा पेट्यांत पडून आहेत. पेटी उघडली तरी तो विशिष्ट टंक जवळ नसेल तर आत मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. संगीताच्या पुस्तकांची अवस्था तर आणखी बिकट. मंद्राचा खालचा टिंब, तारसप्तकाचा वरचा, कोमलाची आडवी रेघ, मात्रांची चंद्रकोर, ही चिन्हे साध्या टंकात नसतात. ती दुकानातला कारागीर एकेक करून बसवतो. ती मांडणी हरवली तर बंदिशीचे बोल उरतात, बंदिश जाते.

अलीकडच्या दोन गोष्टी

१५ सप्टेंबर २०२२ रोजी ॲडोबीने जाहीर केले की ती फिग्मा नावाची कंपनी सुमारे २० अब्ज डॉलरना घेणार. फिग्मा २०१२ मध्ये दोन तरुणांनी काढलेली. तिची खुबी अशी की, एकाच पानावर चार माणसे चार गावांहून एकाच वेळी काम करू शकतात. पुण्या-बंगळुरातील कितीतरी मराठी मुले-मुली तिच्यावर रोजी कमावतात. फ्रीहँडची कथा ज्यांनी ऐकली होती त्यांच्या पोटात गोळा आला. या खेपेस ब्रिटनच्या आणि युरोपच्या स्पर्धा-नियामकांनी आक्षेप घेतले, आणि १८ डिसेंबर २०२३ रोजी दोन्ही पक्षांनी व्यवहार सोडून दिला. व्यवहार मोडल्यापोटी ॲडोबीला फिग्माला १ अब्ज डॉलर द्यावे लागले. पुढे २०२५ मध्ये फिग्माने स्वतःचे समभाग बाजारात आणले.

दुसरी गोष्ट ॲफिनिटीची. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या सेरिफ कंपनीचे हे सॉफ्टवेअर एकदाच किंमत देऊन मिळे, आणि वर्गणीला कंटाळलेले अनेकजण मुद्दाम त्याकडे वळले होते. मार्च २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅनव्हाने सेरिफ घेतली. लोक इतके धास्तावले की लगोलग नव्या-जुन्या मालकांना मिळून आश्वासने द्यावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवे ॲफिनिटी चक्क फुकट झाले. फक्त कॅनव्हाचे खाते उघडावे लागते. म्हणजे भय खोटे ठरले म्हणावे काय? तूर्त तरी गिऱ्हाइकाचा फायदाच आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. लहान कंपनीला मोठा आश्रय मिळाला नसता तर ती बुडालीही असती. परंतु पाहुणचार कितीही थोर असला तरी पाहुण्याने घर आपले समजू नये. किंमत दिली होती तेव्हा तक्रारीचा हक्क होता. फुकटाला तो नसतो.

विद्या कुणाजवळ असते?

संगीताच्या प्रांतात असाच एक प्रसंग घडला तो बोधप्रद आहे. पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी सिबेलियस हे सॉफ्टवेअर इंग्लंडमधील फिन नावाच्या जुळ्या भावांनी केले. २००६ मध्ये अमेरिकेच्या ॲव्हिड कंपनीने ते घेतले आणि २०१२ मध्ये लंडनची कचेरी बंद केली. जगभरच्या संगीतकारांनी ओरड केली. पण ज्यांनी ते घडवले होते त्या मंडळींना स्टाइनबर्ग या दुसऱ्या कंपनीने आश्रय दिला, आणि २०१६ मध्ये त्यांच्या हातून डोरिको हे नवे सॉफ्टवेअर आले. सनद एकाकडे राहिली, विद्या दुसऱ्या दारी गेली. दरबार बदलणाऱ्या उस्तादांच्या शहराला हे नवल वाटू नये.

तथापि उस्ताद गेला तरी शिष्याजवळ काही उरावे लागते. जुन्या घराण्यांत चिजा जपून, लपवून ठेवीत. उस्तादाबरोबर कित्येक चिजा गेल्या. पंडित भातखंडे यांनी हजारो मैल हिंडून बंदिशी मिळवल्या, आणि क्रमिक पुस्तकांतून त्या मराठीत अशा लिपीत छापल्या की, जी कुणालाही वाचता येईल. त्या लिपीवर कुणा राजाचा, कुणा घराण्याचा ताबा नव्हता. म्हणून दरबार गेले, गाणारे गेले, तरी ते पुस्तक उघडून इंदूरच्या शाळेतली मुलगी आज यमन बसवू शकते. गळ्याची जागा पुस्तक घेत नाही हे खरे. पण पुस्तक नसते तर गळ्याला आठवायलाही काही राहिले नसते.

संगणकावरच्या कामाला हाच न्याय लावावा. ज्या सॉफ्टवेअरवर हात बसला आहे ते खुशाल वापरावे. मालक बदलला म्हणून उद्याच पळ काढण्याचे कारण नाही. मात्र आपले काम त्याच्या एकट्याच्या पेटीत ठेवू नये. प्रत्येक पुस्तकाची, प्रत्येक पत्रकाची एक प्रत पीडीएफमध्ये असावी. गंमत पाहा, पीडीएफही मूळ ॲडोबीचेच, १९९३ चे. पण २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले, आणि म्हणून आज ते वाचायला ॲडोबीच्या दारी जावे लागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये निराळा जपावा, म्हणजे टंक बदलला तरी मराठी मराठीच राहील. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू यांसारखे देवनागरी टंक मुक्त परवान्यावर मिळतात. इंकस्केप आणि स्क्रायबस ही सॉफ्टवेअरे कुणा एका शेठची नाहीत. त्यांच्यात उणिवा आहेत, पण त्या विकत घेऊन कुणाला बंद करता येत नाहीत.

आणि ही खबरदारी एकट्या कारागिराने घेऊन भागणार नाही. संस्थांच्या चिटणीसांनी, स्मरणिका काढणाऱ्या मंडळांनी, आपल्या बंदिशींची वही छापून घेणाऱ्या शिक्षकांनी छपाईचे पैसे देताना दुकानदाराकडे तीन वस्तू मागाव्यात: छापील प्रती, त्यांचे पीडीएफ, आणि युनिकोडमधला मजकूर. दुकानदाराला त्यासाठी जी अर्ध्या तासाची मेहनत पडेल, तिचे पैसे वेगळे द्यावेत व कुरकुर करू नये.