एक्स्प्लेनर : ट्रेकमध्ये चिखल टाळून कडेने चालताय? डोंगरवाट त्यामुळेच रुंदावते

पाऊस सुरू झाला की शनिवार-रविवारी कळसूबाई, हरिश्चंद्रगड, लोहगडाच्या वाटांवर रांगा लागतात. प्लास्टिकचा कचरा सगळ्यांना खटकतो, त्यावर रील्सही होतात. बुटांखालून निघून जाणाऱ्या मातीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष नसतं. कचरा निदान उचलता तरी येतो.

नेमकं काय होतं?

सह्याद्री बेसॉल्टचा. कातळावरचा मातीचा थर अनेक ठिकाणी पातळच असतो. त्यावर सतत पावलं पडली की आधी गवत मरतं, मग माती दबून घट्ट होते. तिच्यातल्या पोकळ्या बुजल्या की पाणी आत मुरत नाही, पायवाटेनेच खाली धावतं. बारीक माती आधी जाते, मग खडे. काही पावसाळ्यांत वाटेची घळ होते.

डबक्यापाशी काय चुकतं?

वाटेत डबकं आलं की पहिला ट्रेकर कडेने जातो, मागचे सगळे त्याच्यामागे. कडेचं गवत तुडवलं जाऊन तिथेही चिखल होतो. पुढचा ग्रुप आणखी बाहेरून जातो. एका माणसापुरती वाट अशी बैलगाडी जाईल एवढी होते. उपाय साधा आहे : डबक्यातून सरळ चालायचं. ट्रेकिंगचे महागडे बूट त्यासाठीच तर घेतलेले असतात! वाहत्या ओढ्याची गोष्ट वेगळी. पाणी चढलं असेल तर मागे फिरणंच बरं.

आणि शॉर्टकट?

नागमोडी वाटेमुळे चढ सोपा होतो, तसा उतरणाऱ्या पाण्याचा वेगही कमी राहतो. शॉर्टकट सरळ उताराने जातो, म्हणजे पाण्याला घसरगुंडीच. शिवाय त्यात कारवी मोडते. उतारावरची माती धरून ठेवणारं हे झुडूप सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतं, बी धरतं आणि वाळून जातं. फुलण्याआधी मोडलं, तर त्याचं बी पडतच नाही.

एका रांगेत चालावं, चढणाऱ्याला आधी वाट द्यावी आणि थांबायचं तर गवतात नाही, कातळावर थांबावं, हे बहुतेक लीडर सांगतात. पण शंभर जणांची बॅच एका रांगेत ठेवणं कुणालाच जमत नाही. बुकिंग करताना फी विचारतो, तसं बॅचमध्ये किती जण असतील हेही विचारता येतं.