मालेगावचे पहिले महापौर साथी निहाल अहमद : नगरपालिकेच्या राजकारणाचा धडा

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर आहे आणि पूर्वेला मोसम-गिरणेच्या काठावर मालेगाव. एक तीर्थक्षेत्र, दुसरे यंत्रमागाचे शहर. त्र्यंबकला नगर परिषद आहे, मालेगावला महानगरपालिका. मे 2023 मध्ये त्र्यंबकेश्वरला संदलच्या मिरवणुकीतल्या धूप दाखवण्यावरून वाद उठला, राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि टीव्हीवर दिवसरात्र चर्चा रंगली. अशा वेळी गावातला नगराध्यक्ष, नगरसेवक आणि दोन्ही समाजांतली जाणती माणसे किती मोलाची असतात ते कळते. बाहेरचे येतात आणि जातात, पण गावात राहायचे असते गाववाल्यांनाच.

म्हणून आज आम्ही याच जिल्ह्यातल्या एका माणसाबद्दल लिहीत आहोत. नव्या पिढीतल्या अनेकांना त्यांचे फक्त नाव माहीत आहे. निहाल अहमद मौलवी मोहम्मद उस्मान, म्हणजेच मालेगावकरांचे 'साथी निहाल अहमद'. आमदार, मंत्री, विधानसभेतले विरोधी पक्षनेते आणि शेवटी आपल्याच शहराचे पहिले महापौर. बहुतेक पुढारी नगरपालिकेतून मुंबईकडे जातात. निहालभाई मुंबईहून परत नगरपालिकेत आले.

यंत्रमागाच्या शहरातून

मालेगाव हे मेहनत करणाऱ्यांचे शहर. 1857 च्या बंडानंतर उत्तर हिंदुस्तानातून विणकर कुटुंबे इथे येऊन वसली. हातमाग गेला, यंत्रमाग आला, पण पोट सुतावरच राहिले. सुताचा भाव वाढला, वीज गेली किंवा कापडाला गिऱ्हाईक नसले की घराघरात चूल थंड होते. अशा शहरात समाजवादी विचार रुजला यात नवल नाही. 'साथी' हा शब्द समाजवाद्यांचा. निहाल अहमद यांच्या नावाला तो असा चिकटला की जन्मभर निघाला नाही.

साठच्या दशकातच ते विधानसभेत पोहोचले. पुढे 1978 मध्ये जनता पक्षाकडून निवडून आले आणि 1999 पर्यंत मालेगावची जागा सलग त्यांच्याकडेच राहिली. 1978, 1980, 1985, 1990, 1995 अशा पाच निवडणुका ओळीने. 1980 मध्ये राज्यभर इंदिरा काँग्रेसची लाट होती, तरी मालेगाव हलले नाही. त्यांनी सत्तेच्या मागे धावून पक्ष बदलला नाही. जनता पक्षाचे जनता दल झाले, जनता दलाचे तुकडे झाले, पण ते त्याच घराण्यात राहिले.

मंत्री आणि विरोधी पक्षनेते

जुलै 1978 मध्ये शरद पवार यांनी वसंतदादा पाटील यांचे सरकार पाडून पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे 'पुलोद'चे सरकार बनवले. जनता पक्ष त्यातला सर्वात मोठा भागीदार होता. त्या सरकारात निहाल अहमद मंत्री झाले. फेब्रुवारी 1980 मध्ये केंद्राने हे सरकार बरखास्त केले.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. 1985 च्या निवडणुकीनंतर पवारांची समाजवादी काँग्रेस विधानसभेतला सर्वात मोठा विरोधी पक्ष होती. डिसेंबर 1986 मध्ये औरंगाबादेत पवार पुन्हा काँग्रेसमध्ये गेले आणि विरोधी बाके अर्धी रिकामी झाली. त्यावेळी जनता पक्षाचे निहाल अहमद विरोधी पक्षनेते झाले आणि 1987 च्या अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्यानंतर शेकापचे दत्ता पाटील आणि नंतर मृणाल गोरे यांनी ही जबाबदारी सांभाळली.

विरोधी पक्षनेत्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो, पण सत्ता नसते. त्याच्या हातात प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. यंत्रमागाच्या शहरातला एक मुसलमान माणूस सगळ्या महाराष्ट्राच्या वतीने सरकारला जाब विचारत होता. शेतकऱ्याचा, कामगाराचा, पाण्याचा, सगळा हिशेब त्याला मागायचा होता. तो फक्त 'आपल्यांचा' नेता नव्हता. हे चित्र आज पुन्हा डोळ्यांसमोर आणावे असे आम्हाला वाटते.

दंडावरची काळी फीत

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मस्जिद पाडली गेली. निहालभाईंनी निषेध म्हणून दंडावर काळी फीत बांधली आणि ती अखेरपर्यंत उतरवली नाही. हातात दगड नाही, तोंडात शिवी नाही. फक्त एक काळी पट्टी, वर्षानुवर्षे. संविधानाच्या चौकटीत राहून राग कसा जपायचा, ते त्यांनी असे दाखवले.

पुन्हा शहरात

1999 मध्ये काँग्रेसचे शेख रशीद यांनी त्यांचा पराभव केला. दोन दशके टिकलेली जागा गेली. अशा पराभवानंतर बरेच नेते घरी बसतात. पण डिसेंबर 2001 मध्ये मालेगाव नगर परिषदेची महानगरपालिका झाली आणि पहिल्या निवडणुकीनंतर निहाल अहमद पहिले महापौर झाले. एकेकाळचा मंत्री आता गटार, नळ आणि कचऱ्याच्या फाईली बघू लागला. विशेष म्हणजे त्यांना हरवणारे शेख रशीदही पुढे, 2017 मध्ये, त्याच खुर्चीवर बसले. त्या वेळी उपमहापौर शिवसेनेचे होते. शहर चालवायचे तर कोणाबरोबर बसावे लागते, याचा हा नमुना.

महापौराच्या हातात काय असते?

इथे नीट समजून घेऊ या, कारण आपल्या मोहल्ल्यातल्या बहुतेक तक्रारी याच्याशी जोडलेल्या आहेत.

त्र्यंबकेश्वरसारख्या नगर परिषदेत नगराध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो आणि प्रशासन मुख्याधिकारी चालवतो. महापालिकेत लोक नगरसेवक निवडतात आणि नगरसेवक महापौर निवडतात. महापौराची मुदत अडीच वर्षे. तो सर्वसाधारण सभा चालवतो, पण अंमलबजावणीची खरी ताकद राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असते. पैशांचे बरेच निर्णय सोळा सदस्यांच्या स्थायी समितीत होतात.

म्हणजे रस्ता झाला नाही म्हणून फक्त महापौराला शिव्या देऊन भागत नाही. ठराव झाला का? स्थायी समितीत मंजुरी मिळाली का? आयुक्तांनी निविदा काढली का? हे तीन प्रश्न विचारता आले पाहिजेत. निहालभाईंसारखा अनुभवी माणूस महापौर असला तरी या चौकटीतच काम करावे लागते. मालेगावचे रस्ते, पाणी आणि सफाई यांची दुखणी त्यांच्या काळात संपली नाहीत आणि आजही संपलेली नाहीत, हे खरे आहे. त्यांच्यावर टीका करणारे शहरात तेव्हाही होते. मोठे नाव पुरेसे नसते, रोजचा पाठपुरावाही लागतो.

आज काय उरले?

29 फेब्रुवारी 2016 ला निहाल अहमद यांचे इन्तेकाल झाले. त्यानंतर दोनच महिन्यांत, एप्रिल 2016 मध्ये, मालेगावच्या 2006 च्या बॉम्बस्फोट खटल्यात अडकवलेल्या मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले. तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आता आकड्यांकडे बघा. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम लोकसंख्या साडेअकरा टक्के आहे. विधानसभेच्या 288 जागांपैकी 2019 मध्ये दहा मुस्लिम आमदार निवडून आले, 2024 मध्येही दहाच. विधानसभेचा दरवाजा अरुंद आहे. पण नगर परिषद, नगर पंचायत आणि महापालिकेचा दरवाजा त्यापेक्षा रुंद आहे. प्रभाग लहान असतो, खर्च कमी असतो, ओळख कामाने होते. मोमीन, अन्सारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. आपल्या शिकलेल्या लेकी-सुनांनी तिथे जाऊन बसायला हवे. नवऱ्याने सही करायची आणि बाईने फक्त फोटोत दिसायचे, हे आता बंद झाले पाहिजे.

आमचे वाचकांना एवढेच सांगणे आहे. मतदार यादीत घरातल्या प्रत्येकाचे नाव आहे का ते बघा. आपल्या प्रभागाच्या सभेचा ठराव मागवून वाचा. आणि उमेदवार दारात आला की त्याला बिरादरी विचारण्याआधी विचारा : पाणी किती दिवसांनी येते आणि ते रोज यावे म्हणून तू काय करणार?