पाडलेल्या घराचं लाकूड राखा, त्यात सूर आहे!

मुंबईतल्या मार्व्याहून बोटीने मनोरीला आलात की जुनी कौलारू घरं दिसतात. घर पाडलं की त्याच्या तुळया जळणात जातात, नाहीतर रातोरात चोरीला. तंबोऱ्याच्या दांडीसाठी जपून ठेवलेली माझी सागवानी तुळई अशीच गेली. अजून जीव हळहळतो.

एवढं काय त्या लाकडात? ते वर्षानुवर्षं वाळून स्थिरावलेलं असतं. ओलं लाकूड आकसतं, पिळवटतं आणि तारांच्या ताणाने दांडी वाकते. वाद्य बनवणारे म्हणूनच मुरलेलं लाकूड शोधतात. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याला तून किंवा सागवान आणि वाळवलेला भोपळा वापरतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तुमच्याकडे असं लाकूड असेल तर:
🔸 प्रत्येक तुकड्याचे फोटो काढा, लांबी-रुंदी लिहून ठेवा.
🔸 न दिसणाऱ्या बाजूला खूण कोरा.
🔸 जमिनीपासून उंच, हवेशीर आणि कुलपात ठेवा.
🔸 लाकूड विकत घेतलं असेल तर घरमालकाकडून पावती घ्या.
🔸 चोरी झाली तर लगेच तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली तो गुन्हा आहे.

घर पाडताय? आधी एखाद्या वाद्य कारागिराला विचारा.

#मनोरी #वाद्यनिर्मिती #जुनंलाकूड