लांडग्याच्या खिशात सोन्याची नाणी
भाग पाचवा

१९८६ साली जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' हा रोल-प्लेइंग गेम आला. त्यात माळावर उड्या मारणारा एक निळा, बुळबुळीत गोळा भेटतो. त्याला मारलं की खेळाडूच्या थैलीत सोन्याचं नाणं पडतं. गोळ्याला हात नाहीत, खिसा नाही, बाजारात त्याचं काही कामही नाही, तरी पैसा त्याच्याकडे. त्याच गेममधले विंचूसुद्धा पैसेवाले. पुढे हा रिवाजच पडला, आणि गेल्या चाळीस वर्षांत लांडग्यांपासून भुतांपर्यंत सगळ्यांच्या अंगावर रोकड सापडू लागली.

मागच्या भागात गेमच्या नकाशांमधल्या गफलती पाहिल्या. या वेळी पाळी तिथल्या जनावरांची आणि गावांची.

आग ओकणारा ड्रॅगन ही गफलत नव्हे. शेषनाग आणि गरुडाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला त्याचं नवल वाटायचं कारण नाही. ड्रॅगन असू दे की, पण तो जेवतो काय? सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर खरे लांडगे आहेत. ते काळविटांवर, सशांवर आणि संधी मिळाली की धनगराच्या शेळ्यामेंढ्यांवर जगतात. म्हणून माळ हवा, माळावर गवत हवं, गवतावर चरणारं काहीतरी हवं. वाघाचंही तेच. एका वाघाला वर्षाला हरणाएवढी साधारण पन्नास जनावरं लागतात, आणि ती पुरवायला जंगलात पाचेकशे जनावरांचा कळप असावा लागतो, असा व्याघ्रतज्ज्ञ उल्हास कारंथ यांचा हिशेब आहे. गेमच्या जंगलात मात्र दर वळणावर लांडगा, दर गुहेत अस्वल आणि मधे चुकून एखादं हरीण. खाणारे जास्त आणि खायला कोणीच नाही.

हा हिशेब नीट मांडायचा प्रयत्न एकदा झाला होता. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' हा हजारो लोकांनी एकाच वेळी खेळायचा गेम आला. त्याचे कर्ते रिचर्ड गॅरियट आणि प्रमुख रचनाकार राफ कॉस्टर यांनी प्रत्येक प्राण्याला भूक दिली. सशाला गवत हवं, लांडग्याला ससा हवा. सावज संपलं की ड्रॅगन पोटासाठी गावाकडे सरकणार, गावकरी हैराण होणार आणि त्यातूनच खेळाडूंना कामगिरी मिळणार, असा बेत होता. कागदावर तो फारच देखणा होता. प्रत्यक्षात खेळाडू आत शिरले आणि त्यांनी दिसेल ते कापून काढलं. ससे गेले, हरणं गेली, लांडगे गेले. भुकेनं गावाकडे यायला ड्रॅगनला सवडच मिळाली नाही. जनावरं जन्माला यायच्या वेगापेक्षा मरायचा वेग कितीतरी मोठा होता, आणि मुळात एवढं सगळं रचलंय हे खेळाडूंच्या लक्षातही आलं नाही. अखेर ती सगळी व्यवस्था काढून टाकावी लागली. ससा पुन्हा पूर्वीसारखा हवेतून प्रकट होऊ लागला.

हवेतून प्रकट होणाऱ्या जनावराचा पुढचा घोटाळा पोलंडच्या 'द विचर ३' मध्ये झाला. २०१५ सालचा हा गेम. त्यातल्या एका खेड्यात कुरणावर गाई चरतात. खेळाडूंना शोध लागला की गाई मारायच्या, कातडी गोळा करायची, जरा ध्यान लावून बसायचं. डोळे उघडेपर्यंत कुरणात गाई पुन्हा हजर. कातडी विकून लोक गबर झाले. कार्तिकी वारीला पंढरपुरात खिलार जनावरांचा बाजार भरतो. तिथल्या कुठल्याही शेतकऱ्यानं दोन गोष्टी पटकन सांगितल्या असत्या : गाय काही रातोरात उभी राहत नाही, आणि बाजारात माल जास्त आला की भाव पडतो. गेममध्ये दोन्ही नियम गैरहजर होते. कंपनीनं मग ते नियम आणले का? छे! गाई मारत सुटलेल्या खेळाडूच्या अंगावर थेट एक अजस्र शिंगाळा राक्षस सोडला. तर्काची दुरुस्ती म्हणून ही पळवाटच, पण गोरक्षणाचा इतका कडक बंदोबस्त आपल्याकडेही कोणाला सुचलेला नाही.

गावांची अवस्था जनावरांहून वाईट. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये व्हाइटरन हे मोठं, तटबंदीचं, सरदाराच्या वाड्याचं शहर म्हणवतं. तिथली नावागावाची माणसं मोजावीत तर शंभरसुद्धा भरत नाहीत. वेशीबाहेर दोन-चार शेतं, मंडईत कोबी-बटाट्याच्या टोपल्या आणि आसपासच्या डोंगरांत गावकऱ्यांपेक्षा जास्त दरोडेखोर. ते लुटतात कोणाला, हा प्रश्न दरोडेखोरांनाही पडत नाही. अख्खा मुलूख सुमारे सदतीस चौरस किलोमीटरचा, म्हणजे वाखरीच्या पालखीतळावरून पंढरपुरात चालत येण्याइतक्या अंतरात एक राज्य संपतं.

पंढरपूर स्वतः लाखभर वस्तीचं गाव. आषाढीला तिथे दहा लाखांहून जास्त माणूस येतो. त्यासाठी उजनीतून भीमेत पाणी सोडावं लागतं, पासष्ट एकरांवर राहुट्या पडतात, फिरती शौचालयं लागतात, दर्शनबारी गोपाळपूरच्या दिशेनं लांबत जाते आणि चुरमुऱ्या-बत्ताशांच्या दुकानांना माल आधीच भरून ठेवावा लागतो. इतकंच नाही, थकव्याचाही हिशेब असतो. वारीच्या काळात दर्शन चोवीस तास चालू राहतं, म्हणून विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात आणि पाठीशी लोड देतात. गर्दी सरली की प्रक्षाळपूजा होते. पायांना लिंबू-साखर चोळून गरम पाण्यानं स्नान घालतात, रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि मगच देव पुन्हा झोपायला जातो. उभं राहिल्यावर देवही दमतो, हे पंढरपूरनं गृहीत धरलंय.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधला दुकानदार मात्र २००४ पासून दिवसरात्र उभा आहे. तो झोपत नाही आणि आजारानं मरतही नाही. सप्टेंबर २००५ मध्ये हेच अंगाशी आलं. हक्कार नावाच्या राक्षसाशी लढताना खेळाडूंना एक संसर्गजन्य शाप लागायचा. तो त्या लढाईपुरताच राहणार होता. पण शिकारी खेळाडूंचे पाळीव प्राणी तो घेऊन शहरात आले आणि दुकानदारांना लागण झाली. ते न मरता गिऱ्हाइकांना रोग वाटत राहिले. दुबळे खेळाडू पटापट मेले, चौकाचौकांत हाडांचे सापळे पडले. शेवटी कंपनीला सर्व्हर पूर्वस्थितीला आणावे लागले.

पंढरपूरला ही गोष्ट ऐकून माहीत असल्यासारखी वाटेल. एकोणिसाव्या शतकात वारी आणि पटकी यांची सांगड सरकारदरबारी कायमची चिंता होती. पुढे यात्रेकरूंना लस टोचण्याच्या मोहिमा निघाल्या. २०२० मध्ये करोनामुळे संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. २०२२ मध्ये गुरांच्या लम्पी रोगामुळे कार्तिकीचा जनावरांचा बाजार भरला नाही. इथे सर्व्हर मागे नेण्याची सोय नव्हती.

२००७ मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांवरील नियतकालिकात या शापावर लेख लिहिला. त्यांना रस होता तो खेळाडूंच्या वागण्यात. काही जण दुसऱ्यांना बरं करायला धावले, काही शहर सोडून पळाले, काहींनी मुद्दाम रोग पसरवला आणि काही तर नुसतं बघायला म्हणून लागण झालेल्या शहरात शिरले. या शेवटच्या बघ्यांचा विचार साथीच्या गणिती आराखड्यांत सहसा होत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. दुकानदार खोटा, रोग खोटा, पण गर्दी अस्सल निघाली.

पुढच्या भागात हेच दुकानदार जरा जवळून : डोक्यावर घमेलं पालथं घातलं की ज्यांना चोरी दिसत नाही, ते.